वजाबाकी कोणी करायची?

म्हसळ्यातल्या एखाद्या शाळेत गणिताच्या बाईंनी लाटेक या संगणकावरच्या अक्षरजुळणीच्या प्रणालीत प्रश्नपत्रिका करायला घेतली, असं समजा. पानावर दोन चौकटी शेजारीशेजारी हव्यात. ए-फोर कागद २१० मिमी रुंद, दोन्हीकडे २५ मिमी समास, मधे ८ मिमी फट. म्हणजे एकेक चौकट ७६ मिमी. हिशेब चौथीतल्या पोराचा. पण तो बाईंनी करायचा की यंत्राने, हे ठरायला बरीच वर्षं गेली.

जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्या शिशाच्या खिळ्यांच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. दोन पॉइंटांच्या दोन पट्ट्या ओळींमध्ये सारल्या की चार पॉइंट जागा सुटली. बेरीज खिळे जुळवणाऱ्याच्या बोटांतच व्हायची.

१९७७ मध्ये आपल्याच पुस्तकाची नव्या तंत्राने काढलेली प्रुफं पाहून संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ वैतागले आणि त्यातून टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली जन्मली. टेक प्रत्येक लांबी पूर्णांकात मोजतं. एका पॉइंटचे ६५,५३६ भाग. प्रकाशाच्या एका तरंगात असे सुमारे शंभर मावतात! हा हट्ट अशासाठी, की कुठल्याही संगणकावर ओळ त्याच जागी तुटावी. गणित मात्र रोजकीर्दीसारखं: आधी रुंदी एका नावाखाली मांडा, मग फट वजा करा, मग दोनाने भागा. एका आज्ञेत एकच क्रिया. टेकवरच उभारलेल्या लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेकने आज्ञांना सुबोध नावं दिली, रीत तीच ठेवली.

कंस घालून एका दमात गणित मांडायची सोय क्रेस्टन क्राब थोरुप आणि फ्रँक येन्सेन यांच्या 'कॅल्क' पॅकेजने केली. पुढे १९९८ मध्ये ई-टेक या टेकच्या विस्तारित रूपाच्या दुसऱ्या आवृत्तीने 'डायमएक्सपीआर' ही आज्ञा थेट इंजिनातच बसवली. तिची खोड अशी, की 'रुंदी गुणिले दोन' चालतं, 'दोन गुणिले रुंदी' नाही. शिवाय जुना भागाकार उरलेला अपूर्णांक टाकून द्यायचा, ही जवळचा पूर्णांक घेते. डोळ्याला हा फरक दिसायचा नाही; दोन लांब्या तंतोतंत जुळवून पाहणाऱ्याला मात्र तो नडतो. जून २०२२ पासून असाच हिशेब करणारी 'डायमइव्हॅल' ही आज्ञा लाटेकच्या गाभ्यातच आहे, वेगळं पॅकेज लागत नाही.

तेव्हा बाई, तिथे ७६ लिहू नका, कंसात वजाबाकीच लिहा. उद्या मुख्याध्यापकांनी फायलीसाठी डावा समास ३५ करायला सांगितला, तर तेवढा एक आकडा बदला. चौकटी आपोआप ७१ मिमीच्या होतील.