नंदुरबारचे मनसुख वाणी आणि दोन औषधे

नशिराबादहून जळगावला यावे आणि सुरतेच्या गाडीत बसावे, म्हणजे वाटेत नंदुरबार लागते. कर्करोगावरील दोन औषधांच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते मनसुख वाणी (१९२५–२०२०) येथलेच. मुंबईत रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले आणि मन्रो वॉल यांच्याबरोबर वनस्पतींतील औषधी द्रव्ये शोधू लागले.

त्यांच्या गटाने १९६६ मध्ये एका चिनी झाडातील कॅम्प्टोथेसिनची आणि १९७१ मध्ये यू वृक्षाच्या सालीतील टॅक्सॉलची रचना जाहीर केली. उंदरांतील कर्करोगावर दोन्हींचा परिणाम दिसे. तो कसा होतो, हे मात्र ठाऊक नव्हते. पुढे कॅम्प्टोथेसिनचा क्षार रुग्णांना देऊन पाहिला, तेव्हा विषारी परिणाम फार झाले आणि चाचण्या थांबल्या. मुंबईत गोविंदाचारी व विश्वनाथन यांना १९७२ मध्ये हेच द्रव्य सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्यात सापडले, पण औषध अडलेलेच राहिले.

पीळ दिलेली सुतळी मधूनच उकलू लागलो, तर पुढचा पीळ घट्ट होतो. पेशी डीएनएची नक्कल करते तेव्हा असेच होते. एक विकर डीएनएचा धागा कापते, पीळ सोडवते आणि धागा पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन हा जोड लागू देत नाही, हे १९८५ मध्ये उमगले. मग त्याच्या रेणूत बदल करून पाण्यात विरघळणारी औषधे घडवण्याला जोर आला. त्यांतील टोपोटेकानला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

टॅक्सॉलचे कोडे सुसान हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये सोडवले. कांद्याच्या मुळाच्या टोकाची काचपट्टी आपण वर्गात दाखवतो. तीत दिसणारी गुणसूत्रे दोन टोकांकडे ओढणारे तंतू असतात. अंगणातल्या सदाफुलीतील व्हिन्क्रिस्टिन हे तंतू जुळू देत नाही. टॅक्सॉल जुळलेले तंतू सुटू देत नाही. वाटा उलट, पण विभाजन दोन्हींनी अडते.

केसांच्या मुळांशीही पेशी झपाट्याने विभागतात. म्हणून ही औषधे घेताना केस गळतात. ज्याच्या घरी असा रुग्ण आहे, असे मूल वर्गात असेल, तर त्याला आपण एवढे जरूर सांगावे: हे केस औषधामुळे गेले, आजार वाढल्यामुळे नव्हे, आणि बहुधा ते पुन्हा येतात.