मकबऱ्याची जाळी आणि आपल्या काचा

बीबी का मकबरा पाहायला आलेला माणूस घुमट आणि मिनार पाहतो, ताजमहालाशी तुलना करतो आणि परततो. आत औरंगजेबाच्या पत्नी दिलरस बानू बेगम यांच्या कबरीभोवती अष्टकोनी संगमरवरी जाळी आहे. तिच्यापाशी जरा थांबायला हवं. सतराव्या शतकाच्या मध्यात स्थापत्यकार अताउल्लाह आणि हंसपतराय यांनी ही वास्तू उभारली. खिडक्यांनाही त्यांनी जाळ्याच बसवल्या.

मराठवाड्याच्या उन्हात या जाळीची कामं तीन. तिरीप अडवायची, वारा आत घ्यायचा आणि आतल्या माणसांचा परदा राखायचा. पक्ष्यांना वाचवावं म्हणून ती कोणी बांधली नव्हती. तरीही तेवढं काम आपोआप झालं. पक्ष्याला जाळी भिंतीसारखी दिसते, म्हणून तो वळतो किंवा तिच्यावर येऊन बसतो. आपल्या जुन्या वाड्यांचे लाकडी झरोके आणि दारावरचे चिकाचे पडदे यांचंही तसंच.

काचेचं मात्र तसं नाही. १९५९ मध्ये इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट तावदानं बनवण्याची पद्धत जाहीर केली. मोठी, गुळगुळीत काच स्वस्त झाली आणि पुढे जगभर काचेच्या भिंती उभ्या राहू लागल्या. आज आपल्या जालना रोडवरही त्या दिसतात. इतकंच काय, नव्या घरांना, शाळांना, काही मशिदींनाही आपण जाळी काढून आरशासारखी काच लावतो आणि त्याला सुधारणा म्हणतो.

पक्ष्याला काच कळत नाही. तिच्यात समोरचं कडुलिंबाचं झाड दिसतं, आभाळ दिसतं, आणि तो त्यातच झेप घेतो. आरपार काच असेल तर पलीकडची कुंडीही त्याला वाट वाटते. धडकलेला पक्षी कधी उडून जातो, पण आतल्या इजेने पुढे कुठेतरी मरतो, म्हणून आपल्या हिशेबात येत नाही. एकट्या अमेरिकेत दरवर्षी ३६ कोटींपासून जवळपास १०० कोटींपर्यंत पक्षी असे मरतात, असा २०१४ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे.

शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेस या सभागृहाच्या काचांवर ऑक्टोबर २०२३ मधल्या एका रात्रीत जवळपास एक हजार स्थलांतरी पक्षी धडकून मेले. पुढच्या वर्षी त्या काचांवर बाहेरून दोन-दोन इंचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली. त्यानंतरच्या हंगामात मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. थोडक्यात, काचेवर पुन्हा जाळी काढावी लागली.

आपलं शहरही पक्ष्यांच्या वाटेवर आहे. हिवाळ्यात पाहुणे पक्षी पैठणच्या नाथसागरावर उतरतात. पावसाळ्याच्या तोंडावर येणारा नवरंग रात्री प्रवास करतो आणि दिव्यांनी भांबावून घरांवर आदळतो. दिल्ली गेटजवळच्या जुन्या खिजरी तलावाला आपण डॉ. सलीम अली यांचं नाव दिलं. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा औरंगाबाद याच संस्थानात होतं. नाव देऊन आपली जबाबदारी मात्र संपत नाही.

उपाय खर्चिक नाही. काचेवर बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा पट्टे काढायचे. ऑइल पेंट चालतो, टेप चालते. बाहेरून दोऱ्या सोडल्या किंवा मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली तरी भागतं. आतून लावलेला पडदा फारसा उपयोगी नाही, कारण प्रतिबिंब बाहेरच्या पृष्ठभागावर पडतं. एखादं ससाण्याचं स्टिकर लावूनही भागत नाही. पक्षी फक्त तेवढी जागा टाळतो आणि शेजारच्या मोकळ्या काचेवर धडकतो. रात्री रिकाम्या खोल्यांचे दिवे बंद ठेवावेत. भोवळ आलेला पक्षी सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी तास-दोन तास ठेवावा. चोचीत पाणी ओतू नये.

सूरह अनआममध्ये पक्ष्यांनाही तुमच्यासारख्याच उम्मती म्हटलं आहे. उस्मानी कारागिरांनी इस्तंबूलच्या उस्कुदारमधल्या अयाझमा मशिदीच्या भिंतीत पक्ष्यांसाठी दगडी घरटी कोरली होती. आपल्याला तर काही नवं कोरायचंही नाही. आपण काढून टाकलेली जाळी ठिपक्यांच्या रूपाने परत आणली तरी पुरे.

सलीम अलींचा प्रवास लहानपणी स्वतःच मारलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीपासून सुरू झाला. हा पक्षी कोण, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले होते. आपल्या खिडकीखाली मेलेला पक्षी दिसला तर आपणही तेच विचारावं: हा कोण? आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न: हा कशाने मेला?