परसातले वाण

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि राजांच्या वंशावळी येतात. मागच्या दाराबाहेरच्या चार हात जागेत बायकांनी पिढ्यान् पिढ्या जे केले, त्याची बखर कोणी लिहिली नाही. मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत माझ्याही दोन ओळी असाव्यात असा आग्रह झाला, तेव्हा आपल्या परसाविषयीच लिहावे असे मी ठरविले.

हल्लीच्या मुली विचारतात, "मंडईत हवी तेव्हा हवी ती भाजी मिळते, मग मातीत हात घालण्याचा हा खटाटोप कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. कुंडी, माती, खत आणि पाणी यांचा हिशेब मांडला तर गच्चीवरचा टोमॅटो पुष्कळदा मंडईतल्यापेक्षा महागच पडतो. तरीही माणसे भाजी लावतात, आणि एकदा लावू लागली की सहसा सोडत नाहीत. याचे कारण शोधायचे तर थोडे मागे जावे लागते.

आपल्या महाराष्ट्रात या विषयाचा आरंभ संत सावता माळ्यांपासूनच करावा. सोलापूर जिल्ह्यातील अरण हे त्यांचे गाव. परंपरेने त्यांचा काळ १२५० ते १२९५ असा मानतात. पंढरपूर तेथून फार दूर नाही. पण सावतोबा वारीला न जाता मळ्यातच रमले, आणि त्यांना भेटायला विठ्ठलच अरणला आला अशी श्रद्धा आहे. भाजीच्या वाफ्यात त्यांना देव दिसला. मळा हा त्यांचा चरितार्थ होता, तसाच तो त्यांचा देव्हाराही होता. येथे एक गमतीची गोष्ट सांगते. त्यांच्या नावावर असलेल्या अभंगात मिरचीचे नाव येते. मिरची तर अमेरिका खंडातली, आणि ती पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली सावतोबांनंतर दोनशे वर्षांहून अधिक काळाने. तेव्हा तो शब्द पुढच्या गाणाऱ्यांनी आपापल्या वाफ्यातून त्या अभंगात आणून लावला असावा, असे मला वाटते.

मिरचीच काय, बटाटा, टोमॅटो, रताळे, मका, लाल भोपळा हे सारे त्या दूरच्या खंडातून आलेले पाहुणे. 'बटाटा' आणि 'कोबी' ही नावेदेखील आपण पोर्तुगीजांकडूनच घेतली. हे पाहुणे घरचे झाले ते परसातच. अळू, माठ, पडवळ, दोडका, वांगी, काकडी ही जुनी मंडळी तेथे आधीपासून होतीच. जुन्या घरांची रचनाच अशी असे की न्हाणीचे आणि मोरीचे सांडपाणी पन्हळीने अळूच्या आणि केळीच्या आळ्यात जाई. ओसरी पुरुषांची, माजघर आणि परस बायकांचे. बी धरायचे कामही बायकांचेच. वेलावरचे पहिले चांगले फळ बियाण्यासाठी राखायचे, ते पुरते जून होऊ द्यायचे, बी राखेत घोळून गाडग्यात भरायचे किंवा शेणात कालवून भिंतीला थापायचे, ही विद्या सासूकडून सुनेकडे येई. ती कोणत्याही शाळेत शिकवीत नसत.

परस म्हणजे नुसते सुखच होते असे मात्र कोणी समजू नये. भोंडल्यातले कारल्याच्या वेलाचे गाणे आपण सर्वांनी म्हटले आहे. सुनेला माहेरी जायचे असते आणि सासू तिला आधी कारल्याचे बी पेरायला सांगते. मग कोंब येऊ दे, वेल वाढू दे, फूल लागू दे, कारले येऊ दे, असे करीत माहेर लांबत जाते. घरात ज्या बाईचे काहीच चालत नसे, तिच्याकडून सक्तीने करवून घेतलेले हे बागकाम होते. पण माझी आजी म्हणत असे, "घरात माझा शब्द चालायचा नाही, परसात चालायचा. कुठल्या वाफ्यात मेथी आणि कुठल्यात मुळा, हे मला कोणी विचारले नाही आणि सांगितलेही नाही." मला वाटते, आपण ज्याला बागकामाची आवड म्हणतो तिच्या मुळाशी पुष्कळ वेळा ही एवढी स्वतःची जागा असते.

विसाव्या शतकात सरकारे या छोट्या जागेकडे वळली ती युद्धामुळे. १९३९ साली महायुद्ध पेटल्यावर ब्रिटनने घरोघर भाजी लावण्याची मोहीम काढली. लंडनच्या किल्ल्याच्या कोरड्या खंदकातही भाजीचे वाफे झाले. अमेरिकेत १९४३ मध्ये एलिनॉर रूझवेल्ट यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या आवारात भाजीबाग करविली. त्या देशात अशा सुमारे २ कोटी बागा झाल्या, आणि ताज्या भाजीपैकी जवळजवळ ४० टक्के त्यांतून मिळाली, असा अंदाज सांगतात. युद्ध संपले आणि यांतल्या पुष्कळ बागा मोडल्या. सरकारचे कारण संपले, तसे त्यांचेही संपले. ज्यांना स्वतःचे काही कारण सापडले होते, त्यांच्या बागा राहिल्या.

लेनिनग्राडची कथा याहून कठीण आहे. सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ ते शहर जर्मन सैन्याच्या वेढ्यात होते. पहिल्याच हिवाळ्यात उपासमारीने लोक हजारोंनी मेले. १९४२ मध्ये उरलेल्यांनी चौकांत आणि उद्यानांत कोबी लावला. सेंट आयझॅक चर्चपुढे कोबीचे गड्डे उभे असल्याची छायाचित्रे आहेत. त्याच शहरात वाविलोव यांनी देशोदेशींहून जमविलेला बियाण्यांचा मोठा संग्रह होता. तो सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी काही जण उपाशी मेले. पण भोवती धान्याची पोती असता त्यांनी ते बियाणे खाल्ले नाही. बी म्हणजे काय वस्तू आहे, हे त्यांच्याइतके कोणी दाखविले नसेल.

आपल्याकडेही तो काळ टंचाईचाच होता. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिकडचा तांदूळ थांबला, आणि 'अधिक धान्य पिकवा' मोहीम सुरू झाली. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले, आणि त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. पुढे १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि आपल्या दिल्लीच्या बंगल्याची हिरवळ नांगरून तेथे पीक घेतले. बोलावे तसे वागावे, हे लोकांना त्यात दिसले.

परंतु माझ्या मनात सर्वांत घर करून राहिले आहे ते नेल्सन मंडेलांचे उदाहरण. १९८२ मध्ये त्यांना रॉबेन बेटावरून पोल्समूरच्या तुरुंगात हलविले. तेथे त्यांनी तेलाची पिंपे मागून घेतली, ती अर्धी कापून मातीने भरली, आणि तुरुंगाच्या गच्चीवर कांदे, वांगी, कोबी, टोमॅटो लावले. भाजी कैद्यांच्या स्वयंपाकघरात जाई, पहारेकऱ्यांनाही मिळे. तुरुंगात माणसाच्या ताब्यात असणाऱ्या थोड्या गोष्टींपैकी बाग ही एक आहे, अशा अर्थाचे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. ते वाचताना मला माझी आजी आठवली.

आता आपल्या जवळचे पाहू. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून घरचा ओला कचरा कुजवून गच्चीवर शेती करण्याची विद्या पुष्कळांना दिली. त्याच वाटेने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ पासून प्रीती पाटील यांनी बाग फुलविली. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. फवारणीच्या भाजीने नातवंड आजारी पडते असे त्यांना दिसले, आणि त्यांनी गावठी बियाणे जमवायला घेतले. वाल, घेवडा, पालेभाज्या यांचे कितीतरी वाण त्यांनी जपले आणि बचत गटांच्या बायकांपर्यंत पोहोचविले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गाडग्यात बी भरणाऱ्या बाईचा सन्मान व्हायला इतकी वर्षे जावी लागली!

या साऱ्यांची कारणे वेगवेगळी आहेत. कोणाला देव, कोणाला पोट, कोणाला नातवंड, कोणाला चार हात स्वातंत्र्य. माझेही एक कारण सांगते. यजमान गेले त्या वर्षी मी गॅलरीत मेथी पेरली. सकाळी उठून कोणासाठी तरी काही करण्याची चाळीस वर्षांची सवय एकाएकी कोठे जाणार? चौथ्या दिवशी मातीला तडा जाऊन कोंब वर आले. त्यांना पाणी हवे होते, म्हणून मी उठले. दुसरे काही सांत्वन त्या दिवसांत मला उपयोगी पडले नाही. भाजी निघाली ती एका मुठीएवढी. पण शेजारी अर्धी देता आली, आणि देण्यासाठी दार उघडावे लागले.

भगिनींनो, म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लॅस्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या लुटतो. येत्या संक्रांतीला प्रत्येकीने आपल्या घरचे बी आणावे. कागदाच्या पुडीत दहा दाणे पुरेत. वर भाजीचे नाव, गावाचे नाव आणि ते आपल्याकडे कोणाकडून आले तिचे नाव लिहावे. 'वाण' या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या पुडीत मावतील. आणि हे वाण कपाळाकडे न पाहता मंडळाच्या प्रत्येक सभासद बाईला द्यावे. विधवेच्या हातचे बी रुजत नाही असे मातीने तरी अजून कधी म्हटलेले नाही.