डोळ्यांची हालचाल व मनाची जखम

वैद्यकाच्या इतिहासांत रोग बरा होणें आणि तो कां बरा झाला हें कळणें, या दोन गोष्टींची गांठ पुष्कळदां फार उशिरां पडते. सिंकोनाच्या सालीनें हिंवताप हटतो, हें युरोपांत सतराव्या शतकांतच ठाऊक झालें होतें. परंतु त्या तापाचा जंतु लाव्हेरान यांना रोग्याच्या रक्तांत दिसला तो १८८० सालीं. दोनशें वर्षें गुण येत होता, कारण मात्र अज्ञात होतें. उलट, व्हिएन्नाहून पॅरिसला आलेल्या मेस्मर यांच्यापाशीं कारण आधींच तयार होतें: प्राणिमात्रांत वाहणारी एक चुंबकीय शक्ति. १७८४ सालीं फ्रँकलिन, लाव्हाझिए प्रभृति पंडितांच्या समितीनें रोग्यांचे डोळे बांधून परीक्षा घेतली, तेव्हां परिणाम दिसतो तो कल्पनेचा, शक्तीचा नव्हे, असें ठरलें. आज ज्या उपचाराची हकीकत मी सांगणार आहें, त्याला या दोहोंपैकीं कोणाच्या पंक्तीस बसवावें, हा वाद तीस वर्षांहून अधिक काळ चाललेला आहे.

हा उपचार मनावरील आघाताचा आहे. युद्ध, अत्याचार, अपघात, भूकंप असा जिवावर बेतलेला प्रसंग टळून गेला, तरी कित्येकांच्या मनांतून तो जात नाहीं. रात्रीं स्वप्नांत आणि दिवसां जागेपणीं तो पुन्हां पुन्हां डोळ्यांपुढें उभा राहतो. दार आपटलें तरी माणूस दचकून उठतो. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, चार्ल्स मायर्स यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत अशा सैनिकांविषयीं लिहितांना 'शेल शॉक' हें नांव योजिलें. परंतु नांव मिळालें म्हणून न्याय मिळतोच असें नाहीं. त्या युद्धांत भित्रेपणा, पलायन इत्यादि गुन्ह्यांसाठीं गोळ्या घातलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ सैनिकांना क्षमा मिळाली ती २००६ सालीं! त्यांतील कांहीं जण याच आजारानें खचलेले होते, असें आतां मानलें जातें. व्हिएतनामच्या युद्धानंतर, १९८० सालीं, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनीं आपल्या रोगसूचींत आघातोत्तर ताणाच्या विकाराला स्वतंत्र स्थान दिलें.

पुढें १९८७ सालीं फ्रान्सिन शापिरो नांवाच्या बाई कॅलिफोर्नियांतील एका उद्यानांत फिरत होत्या. त्या मूळच्या इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासक. कर्करोगाच्या दुखण्यानंतर मानसशास्त्राकडे वळलेल्या. मनांत कांहीं त्रासदायक विचार घोळत असतांना आपले डोळे आपोआप इकडून तिकडे भरभर फिरतात आणि त्यासरशीं त्या विचारांची नांगी बोथट होते, असें त्यांच्या लक्षांत आलें. त्यांनीं हा प्रयोग प्रथम ओळखीच्या माणसांवर व नंतर २२ आघातग्रस्तांवर केला. रोग्यानें ती नकोशी आठवण मनांत धरावयाची, आणि उपचारकाचीं बोटें डावीकडून उजवीकडे हलतील तशी दृष्टि फिरवावयाची. एकाच बैठकींत पुष्कळ उतार पडला, असा निबंध त्यांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केला. पुढें पद्धतीला आठ पायऱ्यांचें रूप येऊन 'ई. एम. डी. आर.' हें नांव रूढ झालें.

शास्त्रज्ञांनीं भुवया उंचावल्या, आणि तें योग्यच होतें. उपचार करणारी व परिणाम मोजणारी व्यक्ति एकच होती. अडलेली आठवण मेंदूंत पुन्हां वाहती होते आणि स्वप्नावस्थेंतील नेत्रचलनाशीं याचें नातें असावें, हें शापिरोबाईंचें स्पष्टीकरणहि सिद्ध झालेलें नव्हतें. १९९९ सालीं हार्वर्डचे मॅक्नली यांनीं तर मेस्मरशींच उघड तुलना केली. २००१ सालीं डेव्हिडसन व पार्कर यांनीं अनेक प्रयोग एकत्र तपासले. उपचारानें गुण येतो, असें त्यांना आढळलें. परंतु डोळे फिरविले काय नि न फिरविले काय, परिणामांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. मग १२ वर्षांनीं, २०१३ सालीं, ली व काउपर्स यांनीं असाच आढावा घेतला, तेव्हां फरक पडतो असें दिसून आलें.

दरम्यान एक साधें कारण पुढें आलें होतें. तात्कालिक स्मृति ही लहानशा चौरंगासारखी आहे. त्यावर दोन भांडीं एकदम ठेवूं गेल्यास दोन्हीं नीट मावत नाहींत. आठवण मनांत धरून डोळे फिरविले कीं तिच्या चित्राला पुरेशी जागा उरत नाहीं, तें फिकें होतें, आणि फिकें होऊनच परत सांठविलें जातें. १९९७ सालीं अँड्रेड, कॅव्हाना व बॅडले यांनीं प्रयोगशाळेंत हा परिणाम दाखविला. पुढें डोळे वरखालीं फिरवूनहि, किंवा मनांतल्या मनांत हिशेब करूनहि, तसाच गुण दिसला. म्हणजे डाव्या-उजव्या हालचालींतच कांहीं गूढ भरलें आहे, असें म्हणण्याचें कारण उरलें नाहीं. मात्र २०१९ सालीं कोरियांतील संशोधकांनीं उंदरांपुढें दिवे इकडून तिकडे फिरविले असतां त्यांची भीति ओसरली आणि मेंदूंतील तिचा मार्गहि दाखवितां आला; तेव्हां तो अध्याय अद्यापि मिटलेला नाहीं.

२०१३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें या विकारासाठीं हा उपचार शिफारशींत घेतला. शापिरोबाई २०१९ सालीं निवर्तल्या, त्यापूर्वीं त्यांना हें पाहावयास मिळालें. तरी शिफारस झाली ती उपचाराची. त्यांच्या स्पष्टीकरणाची नव्हे. हा भेद सुशिक्षितांनीं अवश्य ध्यानांत ठेवावा. गुण येतो म्हणून सांगितलेलें प्रत्येक कारण खरें मानूं नये. आणि कारण चुकलें म्हणून आलेला गुणहि नाकारूं नये. ज्याला रात्रीची झोंप परत मिळाली, त्याला पहिला वाद परवडतो. दुसरी चूक मात्र ज्याला अजून झोंप नाहीं त्याच्याच माथीं बसते. शेल शॉकच्या सैनिकाजवळ आपल्या दुखण्याचा पुरावा नव्हता; पण दुखणें खरें होतें.