शारदेची सुटका

१९२९ सालच्या बालविवाहप्रतिबंधक कायद्यास ‘शारदा कायदा’ हें नांव देवलांच्या नाटकावरून पडलें, अशी पुष्कळांची समजूत असलेली आम्हीं पाहिली आहे. ती खरी नाहीं. विधेयक आणणारे अजमेरचे हरविलास सारडा यांच्या आडनांवावरून तें पडलें. परंतु ही चूक बोधप्रद आहे. ज्या नाटकानें जरठविवाहाची लाज लोकांस वाटावयास लाविली, त्याच्याच पोटीं हा कायदा जन्मला असला पाहिजे, असें सहज मानलें गेलें.

गोविंद बल्लाळ देवल यांच्या सात नाटकांपैकीं ‘संगीत शारदा’ हें एकच स्वतंत्र. तें १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यापूर्वीं आठच वर्षें, १८९१ सालीं, संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणाऱ्या कायद्यावरून पुण्यांत मोठें रण माजलें होतें. परकी सरकारनें आमच्या धर्मांत हात घालूं नये, असा टिळकपक्षाचा आग्रह होता. दोन्ही बाजूंनीं शास्त्रवचनें भरपूर निघालीं. जिच्याविषयीं वाद, ती मुलगी मात्र त्या धुळींत दिसेनाशी झाली. देवलांनीं तिलाच प्रेक्षकांसमोर आणून उभी केली. तिचें सोंग पुरुषनटच घेई, कारण कुलीन स्त्रीनें रंगभूमीवर पाऊल टाकणें तेव्हां निंद्य होतें. तरीहि समोर बसलेल्या बापांस आपली लेक ओळखूं आली.

या नाटकांत कोणी राक्षस नाहीं. कांचनभटास द्रव्याचा लोभ आहे, भद्रेश्वर दीक्षितास मध्यस्थीची चटक आहे, पंचाहत्तरीच्या भुजंगनाथास पुन्हां बाशिंग बांधण्याची हौस आहे. असले दोष कोठेंहि आढळतात. त्यांस भयंकर रूप येतें तें धर्माज्ञेच्या पाठबळानें. ऋतुप्राप्तीपूर्वीं कन्यादान न करणारा पिता पापाचा धनी, आणि कन्या ही दानाची वस्तु! दान द्यावयाच्या वस्तूस तिची इच्छा कोण विचारतो?

परंतु नाटकाचें खरें मर्म, आमच्या मतें, शारदेच्या सुटकेंत आहे. पित्यानें कन्येबद्दल अल्पहि शुल्क घेऊं नये, असें मनु सांगतो. गुणहीन वरास देण्यापेक्षां ती आमरण पितृगृहीं राहिलेली बरी, असेंहि सांगतो. या वचनांनीं ठरलेलें लग्न मोडत नव्हतें. मुलीच्या अश्रूंनीं तर नव्हतेंच. वधूवर सगोत्र आहेत, हें कोदंड भर मांडवांत उघड करितो, तेव्हां मात्र सारा सोहळा जागच्या जागीं थांबतो. शास्त्राच्या कुलपास शास्त्राचीच किल्ली लागली! या प्रसंगीं आनंद व्हावा, तों आम्हांस धडकी भरते. गोत्र भिन्न असतें तर? मग सुधारकाचें वक्तृत्व, आईची तळमळ आणि शारदेचा आकांत हीं तिन्ही व्यर्थ गेलीं असतीं. कित्येक टीकाकार याला नाटककाराची सोयीस्कर युक्ति म्हणतील. आम्ही त्याला नाटककाराचा प्रामाणिकपणा म्हणतों. त्या समाजांत मुलीच्या नकारास किंमत नव्हती, आणि ती होती असें देवलांनीं खोटें दाखविलें नाहीं.

पुढील इतिहास हाच प्रश्न पुढें चालवितो. १९२९ च्या कायद्यानें मुलीचें वय किमान चौदा ठरविलें. तो मोडणारास शिक्षा सांगितली, पण लागलेलें लग्न कायमच राहिलें. १९४६ सालीं सगोत्र विवाहास कायद्यानें मान्यता मिळाली. ती सुधारणा योग्यच होती. पण तिनें कोदंडाच्या हातांतील एकुलतें एक शस्त्र निकामी झालें. १९७८ सालीं मुलीच्या विवाहाचें वय अठरावर गेलें. आणि २००६ च्या कायद्यानें, अल्पवयांत लग्न लावून दिलेल्या मुलीला, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आंत, तें लग्न न्यायालयाकडून रद्द करून घेण्याचा अधिकार दिला.

म्हणजे शारदा रंगभूमीवर आल्यापासून तिच्या स्वतःच्या ‘नको’ या शब्दानें लग्न न्यायालयाकडून रद्द करून घेतां येण्यास एकशें सात वर्षें लागलीं. तो शब्द उच्चारण्याचें धैर्य तिला देणें आणि उच्चारल्यावर घराचें दार तिच्यासाठीं उघडें ठेवणें, हें मात्र कोणत्याहि कायद्याच्या हातचें नाहीं. तें आपल्या घरांतील कांचनभटांनीं करावयाचें आहे.