विमान कंपन्यांचे इंधन-हेजिंग आणि वैमानिकभरती

विमान इंधनाचा पुढील काही महिन्यांचा किंवा वर्षांचा भाव आर्थिक करारांच्या साहाय्याने आधीच बांधून घेण्याच्या पद्धतीला इंधन-हेजिंग म्हणतात. विमान कंपनीच्या खर्चात इंधन आणि कर्मचाऱ्यांचे वेतन या दोन सर्वांत मोठ्या बाबी असतात. त्यामुळे एकीला बसलेला धक्का दुसरीपर्यंत पोहोचतो. तेल भडकले की नव्या वैमानिकांची भरती थांबते, हा अनुभव जुना आहे. हेजिंगमुळे हा धक्का सौम्य होतो किंवा लांबणीवर पडतो, कधी उलटूनही येतो.

स्वरूप व साधने : हेजिंगमध्ये कंपनी प्रत्यक्ष इंधन साठवून ठेवत नाही. ती नेहमीच्या पुरवठादाराकडून चालू भावानेच इंधन घेते आणि शिवाय बँकेशी किंवा वायदेबाजारात वेगळा करार करते. समजा, स्वॉप कराराने पिंपामागे ८० डॉलर भाव ठरला. बाजारभाव ११० झाला तर समोरचा पक्ष कंपनीला ३० डॉलर देतो. भाव ५० वर आला तर कंपनीलाच ३० डॉलर भरावे लागतात. दोन्ही वेळी तिला तेल ८० डॉलरलाच पडते. ‘कॉल ऑप्शन’मध्ये कंपनी आगाऊ हप्ता देऊन केवळ भाववाढीपासून संरक्षण विकत घेते, म्हणून भाव पडल्यास तिचा तोटा त्या हप्त्यापुरताच राहतो. हा हप्ता वाचवण्यासाठी ‘कॉलर’ वापरतात. त्यात भावाला वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा घातल्या जातात.

विमान इंधनाच्या वायद्यांचा बाजार लहान असल्याने कंपन्या बहुधा कच्चे तेल किंवा हीटिंग ऑइल यांचे करार करतात. मात्र कच्च्या तेलाचा आणि शुद्ध केलेल्या इंधनाचा भाव नेहमी सारख्याच प्रमाणात हलत नाही. २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळाने अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरील तेलशुद्धीकरण कारखाने बंद पाडले, तेव्हा हा फरक एकदम रुंदावला. ज्यांनी फक्त कच्च्या तेलाचा भाव बांधला होता, त्यांच्या संरक्षणाला येथे भगदाड पडले. याच फरकावर उपाय म्हणून डेल्टा एअरलाइन्सने २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ट्रेनर येथील शुद्धीकरण कारखाना १५ कोटी डॉलरना विकत घेतला.

भरतीशी संबंध : कंपनीला किती वैमानिक लागतात, हे तिच्याकडील विमाने आणि त्यांचे उड्डाणतास यांवर ठरते. अरुंद बांध्याच्या एका विमानामागे साधारणपणे दहा-बारा वैमानिक लागतात. इंधन महागले की आधी तोट्यातले मार्ग बंद होतात, मग जास्त इंधन पिणारी जुनी विमाने जमिनीवर येतात आणि त्यांवरचे वैमानिक अतिरिक्त ठरतात. अशा वेळी नव्या उमेदवारांच्या प्रशिक्षण तुकड्या सर्वांत आधी रद्द होतात. अमेरिकेत कपात ज्येष्ठता यादीच्या तळापासून वर होते, त्यामुळे शेवटी रुजू झालेला वैमानिक पहिल्यांदा बिनपगारी सक्तीच्या रजेवर जातो.

हेजिंगचा खरा उपयोग या साखळीच्या पहिल्याच कडीशी होतो. तिकिटांचे दर इंधनाच्या भावामागोमाग वाढतात, पण लगेच नाही. मधल्या काळात रोकड आटते आणि घाईचे निर्णय होतात. भाव बांधलेल्या कंपनीला हा काळ निभावता येतो. वैमानिक घडवायला आणि त्याला विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता, म्हणजे टाइप रेटिंग, मिळवून द्यायला महिने लागतात. म्हणून भरती अखंड चालू ठेवू शकणारी कंपनी तेजी परतताच इतरांच्या पुढे असते. तेल स्वस्त मिळणे हा हेजिंगचा लाभ नेहमीच पदरात पडतो असे नाही, भाव भडकल्यास सावरायला अवधी मात्र मिळतो.

साऊथवेस्टचे उदाहरण : डॅलसच्या साऊथवेस्ट एअरलाइन्सने हे धोरण सर्वांत चिकाटीने राबवले. त्यामागे आधी वित्तप्रमुख आणि २००४ पासून मुख्य कार्यकारी अधिकारी असलेले गॅरी केली होते. २००८ साठी कंपनीने आपल्या सुमारे ७० टक्के गरजेचा भाव पिंपामागे सुमारे ५१ डॉलरला बांधला होता. त्या वर्षी जुलैमध्ये कच्चे तेल १४७ डॉलरवर गेले. १९९८ ते २००८ या काळात, बाकीच्या विमान कंपन्यांच्या सरासरी इंधनखर्चाच्या तुलनेत, साऊथवेस्टचे सुमारे ३५० कोटी डॉलर वाचले.

२००८ मध्येच मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा एवढ्या अल्पावधीत अलोहा, एटीए आणि स्कायबस या तीन अमेरिकी कंपन्यांची प्रवासी उड्डाणे बंद पडली. युनायटेडने १०० विमाने सेवेतून काढण्याचे जाहीर केले आणि पुढे १,४०० हून अधिक वैमानिकांना सक्तीच्या रजेवर पाठवले. साऊथवेस्टने एकाही वैमानिकाची सक्तीची कपात केली नाही.

पण नाण्याची दुसरी बाजूही त्याच वर्षी दिसली. जुलैनंतर तेल घसरत जाऊन डिसेंबरपर्यंत ४० डॉलरखाली कोसळले आणि करारांचे कागदोपत्री मूल्यही घसरत गेले. २००८ च्या तिसऱ्या तिमाहीत साऊथवेस्टला १२ कोटी डॉलरचा तोटा झाला. १७ वर्षांतला हा तिचा पहिला तिमाही तोटा होता, पण वर्षअखेर ती १७ कोटी ८० लाख डॉलर नफ्यात राहिली. २००९ च्या मंदीत मात्र तिचीही भरती थांबली आणि स्वेच्छेने नोकरी सोडण्याची योजना आणावी लागली. इंधनाचा भाव बांधता येतो, प्रवाशांची संख्या बांधता येत नाही. पुढे २०२५ मध्ये साऊथवेस्टने इंधन-हेजिंग थांबवले.

उलटलेले हेजिंग : हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने तेल महाग असताना अनेक वर्षांचे भाव बांधले होते. २०१४ च्या मध्यापासून तेल घसरत गेले आणि २०१६ च्या सुरुवातीला ३० डॉलरखाली पोहोचले. हेजिंगमुळे कंपनीला २०१६ मध्ये सुमारे ८४६ कोटी आणि २०१७ मध्ये सुमारे ६३८ कोटी हाँगकाँग डॉलर गमवावे लागले. २०१६ चा एकूण तोटा ५७ कोटी ५० लाख हाँगकाँग डॉलर होता, म्हणजे हेजिंग नसते तर ते वर्ष नफ्याचे ठरले असते. मे २०१७ मध्ये मुख्यालयातील सुमारे ६०० पदे कमी झाली. वैमानिक त्या कपातीत नव्हते, पण खर्चकपातीचा दबाव सर्वांवर आला.

२०२० च्या महासाथीत आणखी एक धोका उघड झाला. विमाने जमिनीवर होती, इंधन लागतच नव्हते, तरी करार मात्र चालू होते. सिंगापूर एअरलाइन्स आणि रायनएअर यांसारख्या कंपन्यांना न वापरलेल्या इंधनावर तोटा दाखवावा लागला. रोकड सर्वांत जास्त हवी होती तेव्हाच ती बाहेर जात होती.

भारत : भारतीय कंपन्यांत मोठ्या प्रमाणावर हेजिंग करण्याची प्रथा रुजलेली नाही. येथे विमान इंधनाचा, म्हणजे एटीएफचा, वाटा परिचालन खर्चात ४० टक्क्यांच्या आसपास जातो. तेल कंपन्या दर महिन्याच्या १ तारखेला दर बदलतात. त्यात रुपया-डॉलर विनिमयाची भर पडते, शिवाय एटीएफ जीएसटीबाहेर असल्याने राज्यांचा मूल्यवर्धित करही लागतो. महाराष्ट्राने मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगड येथील हा कर २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. कर आणि रुपयाची घसरण हे दोन्ही भाग कच्च्या तेलाच्या हेजिंगने झाकले जात नाहीत.

मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. कर्जाचा डोंगर हे मोठे कारण होतेच, पण २०१८ मध्ये महागलेले तेल आणि घसरलेला रुपया यांनी तिचा श्वास कोंडला. तिचे अनुभवी वैमानिक बाजारात आले, तशी नवा परवाना हाती घेऊन उभ्या असलेल्या तरुणांची संधी आक्रसली. गोंदिया किंवा बारामती येथे शिकून २०० तासांचा व्यावसायिक परवाना मिळवणाऱ्या मुलामागे घरचे कर्ज असते. एका कंपनीच्या पतनाची झळ अशा कितीतरी घरांना लागते.

इतर घटक व मर्यादा : वैमानिकभरती केवळ इंधनावर ठरत नाही. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेने निवृत्तीचे वय ६० वरून ६५ केले आणि जागा रिकाम्या होणे पाच वर्षे जवळजवळ थांबले. २००८ नंतरच्या भरतीबंदीत त्याचाही मोठा हात होता. भारतात २०२३ मध्ये गो फर्स्ट या कंपनीची उड्डाणे थांबली, तेव्हा तिने इंजिनांच्या तुटवड्याकडे बोट दाखवले. त्याच वर्षी एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. दीर्घकाळात सहवैमानिकाच्या जागा अशा मागण्यांतून निर्माण होतात.

म्हणून कंपनीचा अहवाल वाचणाऱ्या उमेदवाराने गरजेपैकी किती टक्के इंधन बांधले आहे एवढेच पाहणे पुरेसे नाही. ते कोणत्या भावाला, किती महिन्यांसाठी आणि कोणत्या साधनाने बांधले आहे, तसेच हाती रोकड किती आहे आणि नवी विमाने कधी येणार आहेत, हेही पाहावे लागते. हेजिंगचा करार सहसा वर्ष-दोन वर्षांचा असतो, ज्येष्ठता यादीतला क्रमांक मात्र निवृत्तीपर्यंत सोबत राहतो. चांगले हेजिंग या क्रमांकाला पहिल्या वादळात वाचवू शकते. पुढचा सगळा प्रवास कंपनीच्या विमानांवर, कर्जावर आणि प्रवाशांवर अवलंबून असतो.