मदतीचा नकार : यशवंतरावांचा आणि मॉस्कोचा

१९४७ साली अमेरिकेने युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपला साहाय्य देऊ केले आणि सोव्हिएत रशियाने ते नाकारले, एवढे सांगून शालेय इतिहास पुढे जातो. विद्यार्थी मात्र तेथेच अडतो. महायुद्धात सुमारे २ कोटी ७० लक्ष माणसे गमावलेल्या राष्ट्राने दाराशी आलेले द्रव्य का लोटून द्यावे? साम्यवादी हट्ट, असे सांगून सुटका करून घेता येते; आम्हीही कित्येक वर्षे तेच करीत आलो. परंतु जानेवारी १९४५ मध्ये याच राष्ट्राचे परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांनी अमेरिकेकडे ६ अब्ज डॉलरचे कर्ज मागितले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे ते उत्तर टिकत नाही. परक्याचे द्रव्य त्यांना वर्ज्य नव्हते. मग वर्ज्य होते ते काय?

या प्रश्नाची उकल आम्हांस पॅरिस-मॉस्कोपेक्षा माळव्याच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसते. आमचे सांवेर हे गाव इंदूर-उज्जैन मार्गावरचे. १८०१ च्या उन्हाळ्याअखेर यशवंतराव होळकरांनी उज्जैन येथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शिंद्यांकडील सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटून त्याचे उट्टे काढले. या दोन शहरांमधील खेड्यांनी त्या वर्षी काय सोसले असेल, याची कल्पना करण्यास बखरी उघडावयास नकोत.

अशा घरच्या वैरातच इंग्रज कंपनीचे साहाय्य पुढे येत असे. त्याचे नाव तैनाती फौज. फौज कंपनीची, हुकूम कंपनीचा, खर्च मात्र संस्थानिकाचा. त्याने इतर सत्तांशी परभारे बोलणे करावयाचे नाही, आणि खर्चाच्या हमीसाठी पुढे मुलूखच तोडून द्यावयाचा. निजामाने १८०० साली म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला मुलूख असाच दिला. अयोध्येच्या नबाबाने १८०१ साली सुमारे निम्मे राज्य दिले. हडपसरच्या लढाईत यशवंतरावांकडून हरलेला दुसरा बाजीराव वसईस पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने किमान सहा हजार पायदळासाठी २६ लक्षांच्या उत्पन्नाचा मुलूख लिहून दिला. पेशव्याला कंपनीच्या दारी नेऊन बसविले ते यशवंतरावांच्याच विजयाने, हा दैवदुर्विलास येथे नमूद केलाच पाहिजे.

स्वतः यशवंतराव मात्र त्या फासापासून दूर राहिले. १८०४ साली त्यांनी कर्नल मॉन्सनच्या सैन्याची दाणादाण उडविली. पुढे डीग व फर्रुखाबाद येथे त्यांची पीछेहाट झाली, आणि अखेर पंजाबात, बियास नदीकाठी, २४ डिसेंबर १८०५ रोजी राजघाटचा तह झाला. तोवर वेलस्ली माघारी गेला होता आणि कंपनीलाही युद्धाचा खर्च झेपेनासा झाला होता. तहाच्या अटी सौम्य ठरण्यात याचाही वाटा होता. सगळे श्रेय होळकरांच्या बाणेदारपणास देणे इतिहासास धरून होणार नाही. तथापि त्या तहात तैनाती फौज नव्हती, ही गोष्ट लहान नव्हे. परतल्यावर यशवंतरावांनी भानपुरा येथे स्वतःच्या तोफा ओतावयास घेतल्या.

आता पॅरिसकडे वळू. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी ५ जून १९४७ रोजी हार्वर्ड येथे योजना मांडली. मोलोटोव्ह जवळजवळ शंभर माणसे घेऊन पॅरिसला गेले, ते काही केवळ नकार कळविण्यासाठी नव्हे. पण प्रत्येक राष्ट्राने आपल्या साधनसंपत्तीचा हिशेब सर्वांपुढे ठेवावा, पुनर्बांधणीचा आराखडा सर्वांनी मिळून करावा आणि त्यात जर्मनीचाही समावेश व्हावा, हे दिसताच २ जुलै रोजी ते बैठकीतून उठले. कंपनीची मदत आणि अमेरिकेची मदत एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. मार्शल योजनेतील सुमारे १३ अब्ज डॉलरपैकी बहुतेक भाग देणगीच होता, आणि त्यापायी कोणाचा मुलूख तुटला नाही. साम्य एवढेच की, दोन्ही ठिकाणी घेणाऱ्याने आपली वही उघडावयाची होती, आणि आपल्या छायेतील लहान सत्ता दुसऱ्याच्या पंगतीस बसतात हे पाहावयाचे होते. प्रतिस्पर्धी म्हणविणाऱ्या सत्तेस हे सोसत नाही. एकट्या रशियाला कर्ज मिळते तर त्याने कदाचित घेतलेही असते.

येथवर नकार समजतो. आम्हांस खरे अस्वस्थ करते ते पुढचे. चेकोस्लोव्हाकियाच्या मंत्रिमंडळाने ७ जुलै रोजी पॅरिसचे निमंत्रण स्वीकारले होते. त्यांचे मंत्री मॉस्कोस बोलावले गेले आणि १० जुलै रोजी तो स्वीकार मागे घेतला गेला. जर्मनीच्या पूर्व भागातील कारखान्यांची यंत्रे उपसून रशियात नेली जात होती, ती वेगळीच. म्हणजे नकार मॉस्कोचा आणि त्याचा भार प्रागने व पूर्व जर्मनीने वाहावयाचा.

माळव्यात तरी काय निराळे होते? परक्याची फौज नको, म्हणून स्वतःची फौज हवी. तिला पगार हवा. तो थकला की फौज रयतेवर मोकळी सुटे. १८०८ साली यशवंतरावांना वेड लागले आणि १८११ साली भानपुऱ्यासच त्यांचा अंत झाला. मागे राहिले अल्पवयीन मल्हारराव, तुळसाबाईंचा दुबळा कारभार, बेफाम पठाण सरदार आणि सभोवती पेंढारी. त्या काळाला माळव्यातील लोक ‘गर्दी का वक्त’ म्हणत. डिसेंबर १८१७ मध्ये कंपनीशी बोलणे चालले असता लष्करातील युद्धपक्षाने ते उधळून लावले, तुळसाबाईंचा वध केला आणि २१ डिसेंबर रोजी महिदपूर येथे, आमच्याच क्षिप्रेच्या काठी, सर्व काही घालविले.

६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख आणि राजपूत संस्थानांवरील हक्क गेले. ज्या फौजेपासून यशवंतराव आयुष्यभर दूर राहिले ती आली. महू येथे छावणी पडली. होळकरांच्या वतीने तो तह करणाऱ्या तात्या जोगांनी त्यानंतर राज्याची फौज कमी केली आणि ओस पडलेली खेडी पुन्हा वसवावयास घेतली.